भिंतीकडचा कोपरा

जरीपटका, नागपूर
३ ऑक्टोबर २०२५

सुमती,

तुझं पत्र मी उभ्याउभ्याच वाचलं. ड्यूटीवरून नुकतीच आले होते, युनिफॉर्म अंगावर, पर्स खांद्याला. दोन नोव्हेंबरला येतेस! इतकी वर्षं मृतांच्या दिवशी मी एकटीच कबरस्थानात जाते, मेणबत्ती लावते, फोटोची प्रिंट काढून तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आणि तू पोस्टकार्डावर 'पोचला' एवढा एकच शब्द लिहितेस. यंदा मेणबत्ती तू लावणार. आणि तुला घेऊन प्रेमानंद येणार, हे वाक्य तर मी दोनदा वाचलं. कंपाउंडच्या आत पाऊल टाकणार नाही अशी त्याची अट आहे म्हणतेस. असू दे. बसेल रिक्षात. माझा भाऊ माझ्या गावात तरी येतोय. मला ओळख देईल की नाही, ते मी विचारत नाही.

त्याला सांगू नकोस, पण त्याचा राग मला कधीच खोटा वाटला नाही. तुमच्या लेकराचा बाप्तिस्मा पुढच्या रविवारी ठरलेला आणि लेकरू त्याच्या आधीच गेलं. तर चर्चच्या कमिटीनं काय करावं? बाप्तिस्मा नाही म्हणून भिंतीकडचा कोपरा, कबर मातीची, क्रूस लाकडी आणि त्यावर नाव लिहायचं नाही. रिवाज आहे म्हणे. ज्या मंडळीनं माझ्या पोरीला भिंतीकडे ढकललं, तिथल्या बाकावर तू कशी बसतेस, असं प्रेमानंद मला म्हणाला होता. मी बसले. आई होती, बंटी लहान होता, बसले. तेव्हापासून तो माझा आवाज ऐकला की फोन ठेवतो. मला फोन करणार नाही असं त्यानं तुझ्याकडून कबूल करून घेतलं. पत्राचं विसरला, हे आपलं नशीब.

आता इथली खबर ऐक. आपल्या तरुण संघाचा सचिव यंदा माझा बंटी झालाय. अभिमान वाटायला हवा. मला जांभई येते. मागच्या थंडीत ह्यांनी स्टेशनबाहेर ब्लँकेटं वाटली. एका म्हाताऱ्याला एकच ब्लँकेट तीनदा घ्यायला लावलं, कारण पहिल्या दोन फोटोंत त्याचे डोळे मिटलेले. रामदासपेठेत आमच्या हॉस्पिटलात आले, तर एक केळं आणि त्याला सहा हात. पेशंटला बिचाऱ्याला साखरेचा आजार. मी वॉर्डमध्येच होते, लाजेनं पडद्यामागे गेले. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्यांसाठी पाण्याचा स्टॉल लावायची आपली जुनी पद्धत होती, तुलाही आठवत असेल. यंदा तो बंद. कमिटीचे अध्यक्ष बाबनराव म्हणाले, "तिथं शंभर स्टॉल राह्यते गा, आपला बॅनर कोन पाह्यते?" हो, तेच बाबनराव. तेव्हा सेक्रेटरी होते, आता अध्यक्ष आहेत. अशी माणसं खुर्चीतून उठत नाहीत, खुर्चीच त्यांच्याबरोबर वाढते.

तर पाण्याच्या जागी काल कबरस्थानाची सफाई झाली. 'सेवक' असं छापलेले पिवळे टी-शर्ट, ढोलक, दिवसभर कॅमेरा. संध्याकाळी तिथल्याच शेडपाशी शेकोटी पेटवून गाणी आणि भाजलेली कोंबडी. बंटीनं माझ्यासाठी डबा भरून आणला. खोटं कशाला बोलू, छान झाली होती, हाडंसुद्धा चोखली मी. गवत कमरेएवढं माजलं होतं, ते निघालं असेल तर ह्या पिवळ्या पोरांचा एक उपयोग झाला म्हणायचा.

रविवारी उपासनेनंतर जाते आणि क्रूसाला दरवर्षीसारखा पांढरा रंग लावते. तू येशील तेव्हा रितिकाचा क्रूस नवा दिसला पाहिजे. क्रूसावर नाव नसेना, आत्यानं कानात सांगितलंय ना.

तुझी शोभाताई


८ ऑक्टोबर

सुमती,

घाईत लिहिते. यंदा येऊ नकोस.

गर्दी फार असते. दोन तारखेला रविवार आलाय, म्हणजे सगळी मंडळी लोटणार. कबरस्थानात काम काढलंय, चिखल आहे. भिंतीकडचा कोपरा तर ओळखू येणार नाही इतका बदलला. हिरवळ टाकली आहे. तुला ते बघून कसंतरी होईल. पुढच्या वर्षी शांतपणे ये, मी रजा टाकून तुझ्याबरोबर राहीन.

प्रेमानंदला काय सांगायचं ते तू ठरव. शोभाताईची तब्येत बरी नाही म्हण. ते खोटंही नाही. रविवारपासून पोटात अन्न ठरत नाही. ताटावर बसले की उमळून येतं.

बंटीशी मी बोलत नाही. कारण विचारू नकोस.

शोभा


१४ ऑक्टोबर

सुमती,

तुझं कार्ड आलं. "क्रूस आहे ना, ताई?" एवढंच. त्यावर हो लिहायला मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा उठले.

नाही. क्रूस नाही.

रविवारी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन गेले होते. फाटकातून आत गेले, आईच्या कबरीवर फूल ठेवलं आणि भिंतीकडे वळले, तर समोर सपाट. ती लेकरांची ओळ, ते छोटे छोटे उंचवटे, कोणाचा क्रूस सरळ, कोणाचा कललेला, काही नाही. गवताच्या चटया आणून अंथरल्यात, लग्नाच्या हॉलमध्ये अंथरतात तशा. मध्ये बाक. भिंतीला गुलाबी रंग आणि त्यावर दोन मोठे पांढरे पंख. मधोमध उभं राहायचं आणि फोटो काढायचा, म्हणजे आपण देवदूत. माझ्या समोर एक पोरगी तिथं उभी राहून ओठांचा चंबू करत होती. तिच्या पायाखाली कोण आहे ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिला काही म्हणाले नाही. पण मला शिसारी आली, सुमती. मी जखमा धुणारी बाई, घाण मला नवी नाही. ही वेगळी घाण होती, सेंट मारलेली.

घरी आले. बंटी पलंगावर पडून मोबाईल बघत होता. मी विचारलं, "भिंतीकडचे क्रूस कुठं ठेवले?"

"कोन्ते क्रूस?"

"लहान. लाकडी."

"अच्छा, ते लाकडं? सडून गेले होते वं आई. कोनावर नाव नाही, काही नाही. आम्हाले वाटलं बेवारस आहे. बाबनराव अंकल बोलले, काढून टाका, जेसीबी आलाच आहे तर जागा प्लेन करून घ्या."

बाबनराव बोलले. ज्यानं नाव लिहू दिलं नाही, तोच आता नाव नाही म्हणून उपटा म्हणाला. आणि त्याला नक्की आठवत होतं. पोरांना कोणी सांगितलंच नव्हतं की तिथं कोण आहे, कारण असल्या लेकरांबद्दल आपल्या मंडळीत कोणी तोंड उघडत नाही. माझ्या बंटीलाही माहीत नव्हतं. दर दोन नोव्हेंबरला मी आजीच्या कबरीवर जाते एवढंच त्याला ठाऊक. मी सांगायला हवं होतं का? हो, हवं होतं. पण म्हणून कोणी लेकरांवर जेसीबी घालतं का?

मग मी विचारलं, क्रूस टाकले कुठं? निदान गोळा करून आणावेत, असं माझ्या मनात. रंगावरून मी रितिकाचा ओळखला असता.

त्यानं मोबाईल उलटा ठेवला. मग हळूच म्हणाला, "शेकोटीत टाकले."

तुला कळलं ना कोणती शेकोटी? मला कळायला वेळ लागला. त्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि एकदम तो डबा आठवला. मी मोरीत धावले. सगळं बाहेर आलं, तरी अजून आलं नाही असं वाटतं. रोज दात घासते आणि परत परत चूळ भरते. ज्या लाकडाला मी दरवर्षी रंग लावला, सुमती, त्याच्यावर भाजलेलं मी चोखून खाल्लं आणि तुला पत्रात वर छान झालं म्हणून लिहिलं.

हे तुला सांगणार नव्हते. पण तू मला क्रूसाचं विचारलंस आणि मी तुला चिखलाची सबब सांगितली, त्याचीही मला किळस आली. म्हणून आता सगळंच सांगते.

जागाही सापडत नाही. मी तुला पाठवलेल्या फोटोंच्या माझ्याकडच्या प्रिंटा घेऊन गेले होते. सगळ्या जवळून काढलेल्या. क्रूस, मेणबत्ती, मागे भिंतीचा विटकरी तुकडा. त्या तुकड्यावर आता गिलावा आहे आणि पंख आहेत. जेसीबीवाल्यानं वरची माती ओढून इकडची तिकडे पसरली. आपल्या पुढच्या खोलीएवढी जागा असेल, तेवढ्यात कुठंतरी ती आहे. कुठंतरी. ह्याच्यापुढे मला काही सांगता येत नाही.

आता यायचं की नाही ते तू ठरव. प्रेमानंदला हे कसं सांगायचं, ते मला सुचत नाही. तो माझं तोंड पाहणार नाही आणि ह्या वेळी मी त्याला दोष देणार नाही.

शोभाताई


२० ऑक्टोबर

सुमती,

तू येणारच म्हणतेस. प्रेमानंदला मात्र काही सांगितलं नाहीस, "त्याले समजलं तर तो मले घेऊन येनारच नाही" म्हणून. बरं. मग काल काय झालं तेही तुला आधी कळायला हवं. इथं येऊन फसू नकोस.

मी ओरडा केला म्हणून काल उपासनेनंतर कमिटी बसली. पाळकसाहेबांनी आधी मोठी प्रार्थना केली. तीत 'आमच्या तरुणांचा उत्साह' तीन वेळा आला, लेकरं एकदाही आली नाहीत. समोसे होते. समोशाशिवाय आपल्या कमिटीला पश्चात्ताप होत नाही.

बाबनराव म्हणाले, "झालं ते झालं शोभाताई. पोट्टे आहेत, चुकले. आता आपन चांगलं करून देऊ. नवे क्रूस बनवू, सागवानी, सगळे एका मापाचे. एका लाइनीत लावू. पह्यल्यापेक्षा झाक दिसन."

मी म्हणाले, "कुठं लावाल? कोणाची जागा कोणती, तुम्हाला माहीत आहे?"

"अंदाजानं लावाचे. माती सगळी एकच असते. कोनाले काय समजते?"

पुढचं ऐक आता. ते म्हणाले, "आनि ह्या वेळी नावंबी लिहून देऊ. जुना रिवाज आम्ही मोडून टाकला समजा. फक्त तुम्ही त्या दिवशी तिथं उभ्या राहा. तुम्ही दरसाल जाता, लोकं तुमचं ऐकतात. ज्याले त्याले बोट दाखवा, हे तुमचं, हे तुमचं. बस, मामला खतम."

सुमती, मी तिथं बसून विचार केला. तुझ्यापासून लपवत नाही. तुझ्या लेकराचं नाव. त्यासाठी प्रेमानंद ह्याच खोलीत ह्याच माणसासमोर हात जोडून उभा होता आणि ह्यांनी मान हलवली नव्हती. आज तेच नाव फुकट मिळत होतं. मी फक्त बोट दाखवायचं. तू मेणबत्ती लावशील, रडशील, शांत होशील, कदाचित प्रेमानंदही खाली उतरेल. कोणाला कधी कळणार नाही. क्षणभर मला ते फार गोड वाटलं, आणि मग समोर बाबनरावांचा हात दिसला. समोशाचा तेलकट हात त्यानं रुमालाला पुसला आणि पेन काढून कागद पुढे ओढला. "हं, सांगा, काय नाव होतं तुमच्यावालीचं?" भाजीवाल्यानं किलो विचारावं तसं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "माझंबी एक होतं तिथं."

जनाबाई. मागच्या बाकावर बसते ती, नेहमी पांढरी साडी. तिला मूलबाळ झालंच नाही असं आपण सगळेच समजत होतो. दाराशी उभी होती, कोणी बस म्हटलं नव्हतं. पाळकसाहेब चपापले. बाबनरावांनी पेन तिच्याकडे वळवलं. "सांगा, नाव काय लिहू?"

ती म्हणाली, "नाव नाई ठेवलं गा. बाप्तिस्मा झाल्यावर ठेवाचं होतं."

"मंग काय लिहू? बेबी लिहू का?"

जनाबाईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग पदर सावरून ती निघून गेली. बाबनरावांनी कागदावर 'बेबी' लिहिलं आणि समोसा उचलला.

मी उठले. म्हणाले, माझं बोट मिळणार नाही. तुम्हाला क्रूस लावायचे तर लावा. मी तिथं उभी राहीन आणि जो विचारेल त्याला सांगेन की हे सगळं खोटं आहे. मग एकेकाचा सूर बदलला. मंडळीची बदनामी. नाताळ तोंडावर. तुमचाच मुलगा सचिव आहे, शोभाताई, पोलिसांपर्यंत गेलं तर त्याचं काय होईल? ही शेवटची गोष्ट बाबनराव फार मायेनं म्हणाले. कीड अंगावर चढावी तसं मला झालं.

घरी येऊन बंटीशी दोन आठवड्यांनी बोलले. म्हणाले, ज्या ज्या घरचं लेकरू तिथं आहे, त्या घरी तू जायचं आणि तोंडानं सांगायचं. मी येणार नाही, कमिटी येणार नाही, टी-शर्ट घालायचा नाही. तो म्हणाला, "आई, मारतील वं मले." मी म्हणाले, मार खा. काल संध्याकाळीच तो जनाबाईकडे गेला होता. बऱ्याच वेळानं आला आणि न जेवता झोपला.

तर बोट मी दाखवणार नाही, तुलासुद्धा. मी सांगितलं तर तू विश्वास ठेवशील, म्हणूनच दाखवणार नाही.

शोभाताई


३ नोव्हेंबर

प्रेमानंद,

पाकिटावर तुझं नाव मुद्दाम घातलंय आणि घरचाच पत्ता टाकलाय. फाडायचं असेल तर वाचून फाड. सुमतीनं तुला काही सांगितलं नसेल, तिचा तो स्वभावच नाही. तू काल फाटकाबाहेर रिक्षात बसून होतास. आत काय झालं ते तुला कळायला हवं.

आपल्या रितिकाची कबर आता राहिलेली नाही. दसऱ्याच्या दिवशी तरुण संघानं तो कोपरा साफ करताना सगळे क्रूस उपटले आणि वर जेसीबी फिरवला. माझा बंटी त्यांचा पुढारी होता. हे मी सुमतीला आधीच लिहिलं होतं आणि ते माहीत असूनही ती आली. तुला सांगितलं नाही म्हणून तिच्यावर रागावू नकोस. तू मग तिला आणलंच नसतंस.

ती फाटकातून आत आली तेव्हा भिंतीकडे नवे क्रूस लागलेले होते. माझं न ऐकता लावलेच त्यांनी. पॉलिश केलेले, एका रांगेत. पंख तसेच होते. पुढे खुर्च्या टाकल्या होत्या, पाळकसाहेबांची प्रार्थना चालू होती. एका क्रूसावर सोनेरी अक्षरांत 'रितिका' लिहिलेलं. नाव मी दिलं नव्हतं, तुझा तेव्हाचा अर्ज त्यांनी कपाटातून काढला असेल. इतक्या वर्षांनी ते नाव मी पहिल्यांदा क्रूसावर पाहिलं, आणि पाहिलं ते असल्या ठिकाणी. मला त्या सोनेरी रंगाचा संताप आला. दोन क्रूस सोडून 'बेबी' होता. जनाबाई आली नव्हती.

बाबनराव हसत पुढे आले. "या ताई, या. हे पाहा, तुमच्यावालीचं नाव. इथंच आहे ती. बरोबर ह्याच जागी."

सुमतीनं विचारलं, "बरोबर ह्याच जागी?"

"अगदी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. मग बंटी खुर्च्यांमधून वाट काढत आला. सगळी मंडळी बघत होती. तो म्हणाला, "मामी, खोटं आहे हे. क्रूस मीच उपटला होता. कुठून, ते मले माहीत नाही. कोनालेच माहीत नाही."

पाळकसाहेबांनी प्रार्थना थांबवली. बाबनराव बंटीवर खेकसले, "तू चूप राह्य बे!" मला वाटलं सुमती पोराच्या थोबाडीत मारेल. मी अडवणार नव्हते. तिनं त्याच्या हातात आपल्या मेणबत्त्या दिल्या, हात मोकळे हवे होते म्हणून. मग तो सागवानी क्रूस दोन्ही हातांनी धरला, हलवला आणि उपटून बाबनरावांच्या हातात दिला. म्हणाली, "हा तुमीच ठेवा. माझी पोरगी ह्याच्याखाली नाई."

नंतर तिनं चप्पल काढली. बाकाखाली ठेवली आणि त्या हिरवळीवर चालायला लागली. भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग थोडी सरकून परत. हळूहळू, प्रत्येक पाऊल पूर्ण टेकवत. नव्या गवताला पाणी सोडलेलं, पावलं आत रुतत होती, चिखल बोटांतून वर येत होता. खुर्च्यांपाशी आली तेव्हा तिथल्या बायका आपण होऊन उठल्या आणि खुर्च्या मागे ओढल्या. बाबनराव क्रूस हातात धरून म्हणत होते, "ताई, लॉन खराब होते, ताई, नवंच टाकलं..." कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पंखांखालून गेली, बाकामागून गेली, एक वीतभर जागा सोडली नाही. मला वाटतं ती रितिकाशी बोलत होती, ओठ हलत होते. मी जवळ गेले नाही. तो हक्क तिचा होता, तुझाही होता. तू बाहेर होतास.

सगळी जागा तिच्या पायाखालून गेली तेव्हा तिनं चप्पल हातात घेतली आणि फाटकाकडे निघाली. मी नळावरून बादली भरून आणली. म्हटलं, "सुमती, पाय धू वं, घोट्यापर्यंत भरले."

ती म्हणाली, "राहू द्या, ताई. ह्याच्यातली कोन्ती माती तिची आहे, कोनाले मालूम."

मग ती तशीच अनवाणी बाहेर आली आणि रिक्षात चढली. तू तिच्या पायांकडे पाहिलंस आणि चिडून म्हणालास, "काय हे? पाय काहून असे भरवून आली? धुवाले पानी नव्हतं का आतमधी?" मी फाटकाशी उभी होते, मला ऐकू आलं. तिनं नुसते पाय सीटखाली ओढून घेतले.

पाणी होतं, प्रेमानंद.

शोभा